उपाशी पट्टे

१४ नोव्हेंबर

आत्या,

पोचलो एकदाचा. गाडीत बसायला जागा मिळाली, पण मांडीवर तू दिलेली पिशवी, पायाशी वजनकाटा आणि काखेत उरलेल्या खुंट्या. शेजारच्या माणसाने उतरेपर्यंत माझ्याकडे दोनदा संशयाने बघितलं.

पेरणी मनासारखी झाली. आठ पट्टे, प्रत्येक तितकाच रुंद, प्रत्येकाला एकच बियाणं, आणि आठांनाही नेहमीपेक्षा पाव हिस्सा खत कमी. चार पट्ट्यांत बियाण्यासोबत आमचे दाणे पडलेत, चारांत नाहीत. कुठले चार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं आहे आणि तुला सांगायचं नाही असा आमच्या रोपवाटिकेच्या मालकीणबाईंचा हुकूम आहे. शेतकऱ्याला कळलं की त्याचा हात आपोआप एका बाजूला झुकतो, असं त्या म्हणतात. तू रागावू नकोस, त्या सगळ्यांबद्दलच असं बोलतात.

पत्रच का, फोन का नाही, असं आतोबा विचारत होते. तोही मालकीणबाईंचाच नियम. महिन्यातून एकदा तू शेतात जे दिसेल ते कागदावर लिहायचं, तारीख घालून. बोललेलं हवेत जातं, म्हणतात. शिवाय फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने भरतेस.

पाणी आठांना सारखं. खुरपणी आठांना सारखी. बाकी काही नाही. एवढं सांभाळ.

तुझा भाचा

२२ नोव्हेंबर

मुंगळ्या,

तुझं पत्र आलं. हुकूम वाचला. तुझ्या मालकीणबाईंना सांग, माझा हात झुकायचा असता तर चाळीस वर्षांत कधीच झुकला असता. सहावी ते दहावी तू माझ्या घरात राहिलास, माझ्या हातचं खाल्लंस, आणि आता माझ्याच शेतात मला न सांगण्यासारखं काही पुरून गेलास. वा रे वा.

मी काही त्या गव्हाच्या कानात जाऊन सांगणार नाही, की बाबा रे, तुला मिळालंय आणि शेजारच्याला नाही. पण मला कळायला हवं. माझी जमीन आहे.

आणि त्या टॉनिकचं मला नीट समजावून सांग. तू पेरणीच्या दिवशी सांगितलंस, पण यंत्राच्या आवाजात निम्मं गेलं. दुकानात अशी बाटल्या-पिशव्यांची रांग लागलेली असते, प्रत्येकीवर हसरा माणूस आणि हातभर लांब ओंबी. दोन वर्षांपूर्वी मी एक घेतली होती. हसला तो फक्त पिशवीवरचाच माणूस. तेव्हा मला सरळ दोनच गोष्टी सांग. दाणा किती वाढेल, आणि वाढला तर पिशवीचे पैसे निघून हातात काही उरेल का. बाकी विज्ञान तुझं तुला.

गहू वर आलाय. आठही पट्टे सारखेच दिसतात. आतोबांची कंबर ठीक आहे, विचारशील म्हणून लिहिलं.

आत्या

१ डिसेंबर

आत्या,

टॉनिक म्हणू नकोस गं. टॉनिकाने अंगात आलेली ताकद बाहेरची असते. हे खतसुद्धा नाही. आमच्या दाण्यांत एक बुरशी आहे, जिवंत, मुळांवर राहणारी, आणि तिला तग धरायला थोडा समुद्री शेवाळाचा अर्क. बियाणं रुजलं की ती मुळात शिरते आणि केसापेक्षा बारीक धागे मातीत लांबवर सोडते. जिथे मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद ती आणून देते, आणि बदल्यात मुळाकडून थोडी साखर घेते. देवाणघेवाण आहे सगळी. जमिनीत पडून असलेलं खत झाडाच्या पोटात जावं, इतकंच तिचं काम.

आता तुझे दोन प्रश्न. दाणा डोळे फिरतील इतका वाढणार नाही. आमचा अंदाज असा, की पाव हिस्सा खत कमी घालूनही उतारा पडणार नाही, झाला तर थोडा वाढेलच. वाचलेल्या खताच्या पैशात पिशवीचे पैसे निघतात आणि वर काही उरतं. पण हा अंदाजच आहे. कुंड्यांत झालेलं मला माहीत आहे, शेतात झालेलं कोणालाच माहीत नाही. म्हणून तुझे आठ पट्टे.

आणि हे कुणाला बोलू नकोस. मालकीणबाईंचा खरा धंदा भाजीच्या रोपांचा. मागच्या शेडमध्ये तीन बाकांवर माझ्या साठ कुंड्या आहेत, त्यात ही बुरशी मी तीन वर्षं वाढवतोय. रोपांना ती बाकं हवी आहेत. या एका हंगामाची त्यांनी मुदत दिली आहे. तुझ्या शेतात फरक दिसला तर काम पुढे, नाही तर बाकं रिकामी.

हट्ट केलास म्हणून सांगतो. दाणे आहेत २, ३, ६ आणि ८ मध्ये. १, ४, ५ आणि ७ साधे. मालकीणबाईंना कळलं तर माझी खैर नाही.

भाचा

२८ डिसेंबर

मुंगळ्या,

तू सांगितलंस हे बरं केलंस आणि वाईटही केलंस. आता मला तेच दिसतं.

लिहून घे, तुझ्या वहीसाठी. २, ३, ६, ८ हिरवेगार, फुटवे चांगले, एकेका रोपाला चार-पाच. १, ४, ५, ७ फिकट. पानांची टोकं पिवळट. फुटवे दोन, फार तर तीन. तुझी बुरशी काम करतेय असं म्हणायला हरकत नाही.

आता माझं ऐक. पट्टा क्रमांक एक नेमका रस्त्याला लागून आहे. तुझ्या चिठ्ठ्यांना दुसरी जागा मिळाली नाही. काल दूधवाल्याने सायकल थांबवून विचारलं, "काकू, गव्हाला कावीळ झाली का?" आजवर या रस्त्याने जाणारा माणूस माझ्या गव्हाकडे बघून स्वतःच्या गव्हाला नावं ठेवत आला आहे. मी त्याला सांगितलं, प्रयोग आहे. तो म्हणाला, "अस्सं, प्रयोग," आणि मान हलवत गेला. ती मान मला कळते.

पण लाजेचं सोड. मला बघवत नाही रे. सकाळी पाणी द्यायला जाते तर सहावा पट्टा ताठ उभा आणि शेजारचा पाचवा मुलं रडून झोपतात तसा. माझ्या हाताने पेरलेलं आहे ते. एखादं ओंजळभर खत, निदान पहिल्याला, चालेल का? फक्त रस्त्याकडेच्याला. सात राहतातच की तुझ्या प्रयोगाला.

आत्या

५ जानेवारी

आत्या,

नाही. नाही आणि नाही. एक ओंजळसुद्धा नाही.

तुझं पत्र वाचून मी शेडमध्ये एकटाच उड्या मारत होतो, हे तुला सांगतो. फरक दिसतोय म्हणजे सगळं मार्गी लागतंय. ते चार पट्टे उपाशी आहेत म्हणूनच बाकीच्या चारांचं पोट कशाने भरलं ते कळणार आहे. त्यांना तू जेवायला घातलंस तर माझ्याकडे काहीच उरत नाही. तीन वर्षं वाया जातील.

मला माहीत आहे तुझा जीव तुटतो. मार्चपर्यंत कळ काढ. दूधवाल्याला मळणीच्या दिवशी बोलावू, काट्यासमोर उभा करू.

मला शब्द दे.

भाचा

३ फेब्रुवारी

चि. भाच्यास,

सगळं तू सांगितल्याप्रमाणे चालू आहे. शब्द दिला, सांभाळतेय. गहू पोटरीत आलाय, ओंब्या फुटायच्या बेतात. आठही पट्टे आता साधारण सारखे दिसतात. थंडी चांगली पडली, त्याने साधे पट्टे सावरले असतील.

आतोबांना नवीन चष्मा केला. ते आता वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचतात, त्यामुळे घरात शांतता नाही. तुझी सर्दी गेली का? आल्याचा काढा घे.

आत्या

११ फेब्रुवारी

आत्या,

सर्दी गेली. पण तुझं पत्र फार लहान आहे. तू 'चि. भाच्यास' लिहिलंस तेव्हा वाटलं, कुणाचं तरी दुसऱ्याचं पत्र मला आलं.

आठही सारखे? महिन्यात? थंडीने फुटवे वाढतात हे खरं, पण इतके? मी स्वतः यायला हवं होतं, इथे मात्र रोपांची पाठवणी सुरू आहे आणि एक दिवसही सुटका नाही. पुन्हा एकदा मोजशील का? प्रत्येक पट्ट्यात वीस रोपं, कुठलीही. आणि वरचं पान कसं आहे ते लिही.

कदाचित जमिनीत मुळातच बरंच स्फुरद पडून असेल आणि थंडी पडल्यावर ते मोकळं झालं असेल. तसं असेल तर माझा सुरुवातीचा मातीचा तपास चुकला. रात्रंदिवस डोक्यात तेच आहे.

भाचा

४ एप्रिल

भाच्या,

मळणी काल झाली. आठही पट्ट्यांचं वेगळं वजन केलं, आतोबांनी काटा वाचला, मी लिहिलं. सोबतच्या कागदावर सगळे आकडे आहेत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यात अर्ध्या गोणीचाही फरक नाही. एकूण उतारा मागच्या वर्षीइतकाच, जेव्हा आपण पूर्ण खत घातलं होतं.

वीस रोपं मोजायची राहिली, माफ कर.

घरी ये जमलं तर. चार दिवस राहा.

आत्या

१२ एप्रिल

आत्या,

आकडे मिळाले. तीनदा गणित केलं, मग मालकीणबाईंनी केलं. फरक नाही.

मी अहवाल लिहिला. त्याचं सार असं: या जमिनीत खत पाव हिस्सा कमी केलं तरी उतारा पडत नाही, आमचे दाणे घाला किंवा घालू नका. म्हणजे शेतकऱ्याने आमची पिशवी घ्यायचं कारण नाही, नुसतं खत कमी करावं. जे आहे ते लिहिलं. मालकीणबाई म्हणाल्या, "तू स्वतःच्या विरुद्ध सरळ लिहिलंस, हे लक्षात ठेवीन." परवा धान्य उत्पादकांच्या बैठकीत त्या हा अहवाल वाचून दाखवणार आहेत. पाव हिस्सा खत वाचतं, हे लोकांना कळायला हवं, म्हणतात.

डिसेंबरात तुला फरक दिसला तो काय होता, हे मला अजून कळत नाही. तू चुकीचं बघणार नाहीस. म्हणजे मीच कुठेतरी चुकलो. आपण जे तीन वर्षं उराशी धरलं ते काही नव्हतंच, ही गोष्ट पचायला जड जाते. महिनाअखेर बाकं रिकामी करायची आहेत. त्यानंतर मला रोपांच्या पाठवणीत घेतील, नोकरी जात नाही, त्याची काळजी करू नकोस.

तू आणि आतोबांनी खूप केलंत. तुमचे उपकार.

भाचा

२७ एप्रिल

मुंगळ्या,

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलं. फोन हातात घेतला होता, पण तुझा आवाज ऐकून माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून लिहिते.

मी घातलं त्यांना जेवायला.

तुझं 'नाही आणि नाही' आलं त्यानंतर चौथ्या सकाळी. मुरलेलं शेणखत पाण्यात कालवलं, त्यात युरिया विरघळवला आणि पहिल्या पट्ट्याला बादलीने घातला. एकालाच घालणार होते. मग चौथ्याजवळून परत येताना पाय उचलेना. एकाला वाढायचं आणि तिघांसमोरून रिकामी बादली घेऊन जायचं, हे मला जमलं नाही. चौघांना घातलं. आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतर अजून एकदा. दुसऱ्या वेळी आतोबा आले, त्यांनी एक बादली उचलली. शेवटी एवढंच म्हणाले, "त्याला कळवणार आहेस का?" मी म्हटलं, कळवते. कळवलं नाही.

माझ्या डोक्यात असं होतं, की तुझी बुरशी इतकी चांगली आहे तर ते चार पट्टे पुढे राहतीलच. माझ्या साध्यांची जरा लाज राहील आणि तुझंही काम होईल. वजन झालं तेव्हा आठही सारखेच भरले. मग तुझं 'उपकार' आलं. तो शब्द वाचून मी त्या दिवशी जेवले नाही.

तरीही मी गप्प बसले असते, हेही तुला सांगते. कारण मी तुला शब्द दिला होता आणि मी शब्द मोडणारी बाई नाही, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. पण काल दूधवाला आला. बैठकीत तुझा अहवाल त्याने ऐकला. म्हणाला, "काकू, बरं झालं तुमच्या प्रयोगाने. पुढच्या हंगामात सगळ्या गव्हाला पाव हिस्सा खत कमी, आणि बाकी काही नाही." त्याचा गहू आपल्या दुप्पट रानात असतो. त्याच्या घरात खाणारी नऊ माणसं आहेत. त्याचा गहू माझ्या पहिल्या पट्ट्यासारखा होणार, आणि तिथे बादली घेऊन कोणी जाणार नाही. मी त्याला तिथेच थांबवलं आणि सगळं सांगितलं. आधी त्याला सांगितलं, मग तुला लिहायला बसले. क्रम उलटा झाला, पण धीर तसाच येत गेला.

कुंड्या टाकू नकोस. तुझी बुरशी काम करते. मी डोळ्यांनी बघितलंय.

तुझी आत्या

२८ एप्रिल

आत्या,

आज बाकं रिकामी केली. महिनाअखेरपर्यंत थांबायचं होतं, पण रोज तिथून जाताना जीव नकोसा व्हायचा. म्हणून मीच म्हटलं, आटपून टाकू.

साठही कुंड्या माझ्याच हाताने उपड्या केल्या. माती बॉयलरवर वाफवली आणि टोमॅटोच्या रोपांना वापरली. वाफेनंतर त्यात काही जिवंत राहत नाही. ही बुरशी मी एका जुन्या कुरणातून आणली होती, तिथे आता गोदाम आहे.

वाईट वाटतंय, पण हलकंही वाटतंय. आता रविवार मोकळा मिळेल, तुमच्याकडे येईन.

भाचा

५ मे

आत्या,

तुझं पत्र मिळालं. माझं तुला मिळालं असेलच.

तू फोन करायला हवा होतास. एक दिवस आधी. एक वाक्य.

सध्या येणार नाही.

१० मे

मुंगळ्या,

तू रागावलास हे योग्यच आहे. मी त्याच्यावर फुंकर घालणार नाही.

मला रोज एकच दिसतं. फोन हातात होता. नंबर लावलेला होता. तुझ्यासमोर मान खाली घालायला लागेल म्हणून मी तो ठेवला आणि कागद घेतला, कारण कागदावर मला माझी मान दिसत नाही. त्या एका दिवसात तुझी तीन वर्षं वाफेत गेली. चाळीस वर्षं शेती केली, गारपीट बघितली, टोळ बघितले, पण माझ्या हाताने झालेलं एवढं नुकसान आजवर झालं नव्हतं, आणि तेही तुझं.

तुझ्या मालकीणबाईंना वेगळं पत्र पाठवलंय. सगळं लिहिलंय, तारखांसह, बादल्यांसह. तू मला पट्टे कुठले ते सांगितलंस हे मात्र लिहिलं नाही, 'मी रोपांवरून ओळखलं' असं लिहिलं. पुन्हा एक खोटं झालं का? वाटलं तर तू सांग त्यांना, मी नाही म्हणणार नाही.

दूधवाल्याने चार घरी जाऊन सांगितलं की अहवाल खरा नाही. आता रस्त्याने जाताना लोक माझ्याकडे बघतात, गव्हाकडे नाही. बघू देत.

शेत तसंच पडून आहे. नांगर फिरवायचा जीव होत नाही.

आत्या

१७ मे

आत्या,

काल फोनवर बोललो तेच सगळं पुन्हा लिहितो, कारण तू 'हो, हो' म्हणत होतीस आणि तुझं 'हो, हो' मला माहीत आहे.

तू शेत नांगरलं नाहीस, हे वाक्य वाचलं आणि मी उभाच राहिलो. २, ३, ६ आणि ८ मध्ये अजून गव्हाची खोडकं आहेत. खोडकांखाली मुळं आहेत. बुरशी माझ्या शेडमध्ये मेली, तुझ्या शेतात मेली असेलच असं नाही. मुळांच्या आसपास तिचे बीजाणू महिनोन्महिने तग धरून राहतात. तू साध्या पट्ट्यांना बादल्या घातल्यास, या चारांना हात लावला नाहीस ना? फोनवर म्हणालीस, नाही. तेवढं पुरे.

मालकीणबाईंना मी खरं सांगितलं, पट्टे मीच तुला सांगितले म्हणून. त्या म्हणाल्या, "म्हणजे हात झुकणारे तुम्ही दोघंही." शेडमध्ये जागा द्यायला त्या तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. टोमॅटोच्या शेजारी शेतातली माती आणली तर त्यांच्या रोपांना रोग लागायची भीती. बुरशी पुन्हा वाढवायच्या कुंड्या तुझ्या अंगणातच कराव्या लागतील. तू करशील.

चारही पट्ट्यांतून, प्रत्येकी तीन ठिकाणी, वीतभर खोल खण. मुळांसकट माती घे, वेगळी ठेव. वाळू वाफवून घे, दोन तास, झाकण घालून. बारा कुंड्या, प्रत्येकीत वाफवलेली वाळू आणि मधोमध दोन मुठी ती माती. त्यावर मक्याचे तीन दाणे. नंबर घाल.

आता महत्त्वाचं. पाणी सोडून त्यांना काहीही द्यायचं नाही, दोन महिने. हे नीट समजून घे, नुसता हुकूम म्हणून नको. मक्याला आयतं खायला मिळालं तर तो मुळाचं दार उघडत नाही. बुरशीला साखर कशाला द्यायची, असं त्याचं होतं. तो भुकेला असेल तरच तिला आत घेतो. म्हणजे त्यांची भूक हेच आपलं खत आहे. पानं फिकट होतील, कडा जांभळ्या पडतील. पडू देत.

हे मी दुसऱ्या कुणावर सोपवू शकलो असतो, तर सोपवलं असतं. तुझ्यावरच सोपवायचं आहे.

भाचा

१९ जून

मुंगळ्या,

बारा कुंड्या झाल्या, मका हाताएवढा आला. वाळू मी मोठ्या पातेल्यात वाफवली. आतोबा म्हणाले, आता याच पातेल्यात माझं पाणी तापवणार का? म्हटलं, तापवणार.

पानं जांभळी पडायला लागली. बाराच्या बारा. तू लिहिलंस ते रोज सकाळी एकदा वाचते. खरं सांगू का, पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बघणंच टाळायची, पाणी घालून पाठ फिरवायची. आता बसते त्यांच्यासमोर. दहा मिनिटं बसते, काही करत नाही. हे मला आधी येत नव्हतं.

परवा आतोबांना सांगून खताची पोती त्यांच्या भावाकडे ठेवायला पाठवली. घरात नकोत. माझा माझ्यावर एवढा विश्वास नाही अजून.

आत्या

९ जुलै

मुंगळ्या,

एक्कावन्नावा दिवस. नीट वाच.

गेल्या रविवारी पाचव्या कुंडीतलं मधलं पान मला जरा वेगळं वाटलं. मी स्वतःला म्हटलं, बये, तुला हवं ते दिसतंय. आतोबांना चष्मा लावून बघायला सांगितलं, काही न सांगता. ते बारा कुंड्यांवरून फिरले आणि पाचवीपाशी थांबले. म्हणाले, "हिला काय घातलंस?" मला त्यांचा राग आला नाही.

आज पाच, सहा, दहा आणि अकरा, या चार कुंड्यांत नवीन पानं हिरवी येताहेत. जांभळा रंग फक्त जुन्या पानांना उरलाय. नंबर बघितले. पाच-सहा तिसऱ्या पट्ट्याच्या मातीच्या, दहा-अकरा आठव्याच्या. उरलेल्या आठ कुंड्या तशाच केविलवाण्या, दोन तर मरायला टेकल्यात. त्या बघून आजही जीव तुटतो. त्यांनाही काही घातलं नाही.

मी या चारांना पाणी सोडून काहीही दिलेलं नाही. फेब्रुवारीत 'सगळं तू सांगितल्याप्रमाणे' असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. आता खरं लिहायचं तर शब्द तेच वापरावे लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. तू विश्वास ठेवला नाहीस तरी मला चालेल. ये, मुळं उपट, तुझ्या त्या यंत्राखाली बघ. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस.

तुझी आत्या

१४ जुलै

आत्या,

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो, सूक्ष्मदर्शक घेऊन. चारही कुंड्यांची मुळं रंगवून तपासणार आहे, ते माझं काम आहे. पुढच्या पेरणीला आठ पट्टे पुन्हा लागतील. या वेळी कुठले उपाशी ते तुलाही माहीत नसेल आणि मलाही, चिठ्ठ्या मालकीणबाईंच्या कपाटात राहतील.

तुझं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "मुळं बघितलीस?"

म्हटलं, अजून नाही. पण बुरशी जिवंत आहे.

भाचा